मोनालला हाकललं कुणी?

आमच्या घरात मिक्सर कधी लावायचा ते मी ठरवत नाही, पाखरं ठरवतात. हे रिटायर झाल्यापासून असंच चाललंय. वाळूजच्या कारखान्यात मशीनच्या खडखडाटात सगळी नोकरी काढलेला माणूस, आता गॅलरीतल्या जास्वंदीवर शिंजीर येऊन बसला की स्वयंपाकघरात येतो आणि तोंडावर बोट ठेवतो. मग चटणी अर्धी वाटलेली, कुकरची शिट्टी होईल म्हणून गॅस बंद, आणि मी हातात झारा घेऊन उभी. एकदा मी म्हणाले, "अहो, त्या पाखराला सांगा, आज एकादशी नाही, घरात माणसं जेवणार आहेत." तर हे कुजबुजले, "हळू बोल, उडेल." तेवढ्यात उडालंच ते. आठवडाभर माझ्या नावानं खडे फोडत होते.

सकाळी फिरायला जाणाऱ्या यांच्या टोळक्यानं यांना पक्षीमित्र अशी पदवी दिली. आमच्या गारखेड्यात पदवी द्यायला काही लागत नाही, एक कटिंग चहा पुरतो. पण हे त्या दिवसापासून बदललेच. ताठ चालायला लागले, खाकी टोपी घेतली, गळ्यात दुर्बीण. कुणाच्या लग्नाला गेलो तरी मांडवात मान वर. लोकांना वाटायचं, मांडवाचं कापड बघतायत.

आणि या पक्षीमित्राला एकच पाखरू हवं होतं. मोनाल. हिमालयात राहतो म्हणे. केस कापायच्या दुकानातल्या जुन्या कॅलेंडरवर यांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून माझ्यासाठी फोटो काढून आणला. निळा, हिरवा, तांबडा, जांभळा, असा सगळा झगमगाट, वर डोक्याला तुरा. मी म्हणाले, "छान आहे. पण आहे तर कोंबडाच." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

हसण्यावारी नेलं मी, पण त्यात एक खरं दुखणं होतं. यांचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवाळीच्या आत ऑपरेशन करून घ्या, आणि त्यानंतर सपाटीला खुशाल चाला, डोंगराचं मात्र नाव काढू नका. दवाखान्यातून बाहेर आल्यावर हे जिन्यातच बसले. म्हणाले, "म्हणजे या उन्हाळ्यात मोनाल बघितला तर बघितला. नाहीतर कॅलेंडरवरच." आवाज असा झाला होता की मला पुढं चेष्टा सुचली नाही. मी म्हणाले, "चला मग. जाऊ." आणि बोलून बसले.

ही बातमी लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यांचे थोरले भाऊ दारात. सगळं आयुष्य शेतीत गेलेला माणूस. धोतर सोडून पायजम्यावर आले तेवढीच काय ती सुधारणा. यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, पण गुडघे असे की उकिडवे बसून ज्वारीची अख्खी ओळ खुरपून काढतील. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "मी बी येतो. तू डोंगरात जाऊन पाय मोडून घेतलास तर उचलनार कोण? बाई उचलतील व्हय?"

माझ्याकडं बघून म्हणाले ते. थोरले मला बाईच म्हणतात. मी म्हणाले, "मी नाही उचलणार दादा. तिथंच ठेवून येईन." जाऊबाईंनाही चला म्हटलं. त्यांनी फोनवरच निकाल लावला, "बर्फ बघाया तिकडं कशापायी? फ्रीजमदी हाय की."

मग गरम कपड्यांची खरेदी. एप्रिल महिना, रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतंय, आणि आम्ही तिघं शहागंजात कानटोप्या मागतोय. दुकानदार चाचांनी आधी यांच्याकडं बघितलं, मग थोरल्यांकडं, मग मला हळूच विचारलं, "बाजी, तबियत तो ठीक है ना इनकी?" मी म्हणाले, "एक की बी नहीं है, चाचा. आप टोप्यां निकालो." माळ्यावरून गेल्या हिवाळ्याचं गाठोडं खाली आलं. त्यात दोन मापाच्या टोप्या उरलेल्या, दोन्ही एकाच चॉकलेटी रंगाच्या. दोघा भावांनी त्या तिथंच घालून बघितल्या. घाम नाकावरून टपकतोय, आणि थोरले आरशात बघून म्हणतात, "ब्येस हाय. ऊब लागती." समोरचा फळवाला कलिंगड कापायचं सोडून बघत राहिला.

दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढं रात्रभर हिमाचलची बस, मग जीप, आणि जीपचा रस्ता एका नदीपाशी जाऊन संपला. पुढं राष्ट्रीय उद्यान. तिथं गाडीबिडी काही नाही, पायी चालायचं. यांनी डोंगराकडं बघून गुडघ्यांवर हात फिरवला आणि "बजरंगबली की" म्हणाले. पुढचं जय आम्ही कुणी म्हटलंच नाही, दम लागला होता.

आमचा वाटाड्या तिथलाच, वयानं आमच्या आसपासचा, डोक्यावर रंगीत पट्टीची गोल टोपी, बोलायला कमी. यांनी त्याच्याशी आपली औरंगाबादी हिंदी सुरू केली. गाव नाव बदलून संभाजीनगर झालं, हिंदी मात्र आहे तीच. "काय भैया, मोनाल किधर कू बैठता? सुबे सुबे मिलता क्या? हौ ना?" तो बिचारा विचारात पडला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मैडम, साब कौन सी भाषा बोल रहे हैं?"

चढ सुरू झाला. देवदाराची झाडं इतकी उंच की टोपी पडते वर बघताना. खाली नदी पांढरी होऊन धावतेय, कडेला बुरांसाची लाल फुलं, आणि पलीकडच्या शिखरावर बर्फ. माझं तर मन भरून आलं. एवढं स्वच्छ, एवढं मोठं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. मी तिथंच उभी राहून हात जोडले. थोरलेही शेजारी उभे राहिले, बराच वेळ बघत होते. मला वाटलं, त्यांचंही तसंच झालं असणार. मग म्हणाले, "बाई, येवढं रान पडीक! पानी बी हाय बाराही म्हयनं. आन कुनी पेरना कसं?"

"दादा, हे अभयारण्य आहे. इथं पेरत नाहीत."

"बांध घातलं असतं तर वटाना झ्याक आला असता," असं म्हणत ते पुढं गेले. दिवसभर त्यांनी हिमालयात वाटाणा, कांदा, लसूण आणि एका सपाट जागेवर मोसंबीसुद्धा लावून बघितली. वाटाड्यानं सांगितलं, इथं अस्वल आहे, जपून चाला. मी थोरल्यांच्या मागं सरकले. थोरल्यांनी विचारलं, "पिकात येतं का वो ते?" वाटाड्या म्हणाला, मक्यात येतं, फार नासधूस करतं. झालं. दोघांचं असं जमलं की पुढचा सगळा चढ अस्वल आणि रानडुक्कर यांच्या तक्रारींत संपला. एकाची पहाडी हिंदी, एकाची लासूरची मराठी, आणि दोघांनाही सगळं समजत होतं. हे मागून ओरडत होते, "हळू बोला! पाखरं उडतायत!" पाखरं कसली, दोन कावळे होते.

वरच्या झोपडीत मुक्काम. लाकडाची, दोन खोल्यांची, एक आचारी, एक चूल. थोरल्यांनी गाठोड्यातून ज्वारीचं पीठ काढलं, त्या आचाऱ्याला बाजूला केलं आणि भाकरी थापून दाखवली. यांचं जेवणात लक्ष नव्हतं. कॅमेऱ्याची काच पुसत होते, पुन्हा पुन्हा. झोपताना मला म्हणाले, "उद्या दिसेल ना गं?" लहान मुलासारखं विचारलं. मी म्हणाले, "दिसेल हो. न दिसायला काय झालं?"

पहाटे अंधारातच वाटाड्यानं आम्हाला वरच्या कुरणाकडं नेलं. तिथं एक मोठा दगड. त्याच्या आडोशाला बसायचं आणि समोरच्या उतारावर बघत राहायचं. बर्फ वितळला की मोनाल तिथं माती उकरायला उतरतात म्हणे. वाटाड्या सगळ्यात पुढं, कानावरून शाल गुंडाळून. त्याच्या मागं दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून, आणि त्यांच्या मागं मी, चहाचा थर्मास मांडीत घेऊन. थंडी अशी की दात वाजले तर पाखरू उडेल म्हणून मी पदर दातांत धरला होता. मला समोर दिसत होत्या फक्त दोन चॉकलेटी कानटोप्या.

बसलो, बसलो, बसलो. उजाडलं. ऊन हळूहळू उतारावर आलं. आणि झुडपातून एक काळसर कोंबडा तुरुतुरु बाहेर आला. सावलीत होता, रंग काही दिसत नव्हता. दोन पावलं टाकली की उन्हात येणार. वाटाड्यानं मागं न बघता बोट वर केलं. एक पाऊल पुढं आला तो. आणि माझ्या पुढ्यात, दोन टोप्यांच्या मधून, अशी काही आरोळी उठली की थर्मास माझ्या मांडीवरून घरंगळला.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र! हाऽऽड! हाऽऽड!"

सगळं खोरं घुमलं. पलीकडच्या डोंगरानंही एकदा "हाऽऽड" करून दाखवलं. कोंबडा झुडपात कुठं गेला ते त्यालाही कळलं नसेल. वाटाड्या दचकून उभा राहिला, त्याला वाटलं अस्वल आलं.

हे वळले थोरल्यांकडं. चेहरा पांढराफटक. "दादा! अरे काय केलंस हे?"

थोरल्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग मान खाली घालून म्हणाले, "चुकलं रे. लई चुकलं."

आता आमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरतात. पूर्वी शेतात मचाण बांधून पोरांना राखणीला बसवायचे. हातात गोफण, आणि पाखरू दिसलं की आरोळी. ज्यानं सगळा जन्म पाखरं हाकलण्यात घालवला, त्याला पाखरू दाखवायला आणलं आम्ही. मला मनातल्या मनात हसू फुटत होतं. पण यांच्याकडं बघितलं आणि हसू गिळलं. डोळ्यांत पाणी होतं यांच्या.

त्या दिवशी पुन्हा मोनाल आला नाही. आणि हे थोरल्यांशी बोलायचे बंद झाले. बरं, झोपडी केवढी? वीतभर. बसायला एकच चूल. समोरासमोर बसून यांनी मला सांगायचं, "त्यांना म्हणावं, मीठ इकडं सरकवा." मीठ थोरल्यांच्या हातात, थोरल्यांचा हात यांच्या ताटापाशी, आणि मधे मी दुभाषी. मी म्हणाले, "दादा, मीठ सरकवा म्हणतायत." थोरल्यांनी सरकवलं. "त्यांना म्हणावं, बास." मी म्हणाले, "दादा, बास म्हणतायत." आचारी कौतुकानं बघत होता. त्याला वाटलं, आमच्यात अशीच रीत आहे.

जेवण झाल्यावर थोरले वाटीत तेल कोमट करून आले आणि काही न बोलता यांच्या पायाशी बसून गुडघा चोळायला लागले. यांनी पाय मागं ओढला. थोरल्यांनी पुन्हा धरला. यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं, पण पाय राहू दिला. डावा चोळून झाला तर तोंड भिंतीकडंच ठेवून उजवा पुढं केला. बोलायचं नाही, पण गुडघा पुढं करायचा! अस्सा राग आला मला. थोरले बाहेर गेल्यावर मी फाडफाड बोलले. "लाज नाही वाटत? एका कोंबड्यापायी सख्खा भाऊ टाकलात? घराबाहेर कधी न पडलेला माणूस, तुमच्या पायांसाठी इथवर आला."

"कोंबडा नाही तो," हे म्हणाले. मग भिंतीशीच बोलल्यासारखं, "तुला नाही कळायचं. सगळी नोकरी मी मशीनकडं बघत उभा राहिलो. काही म्हणता काही बघितलं नाही. एक गोष्ट बघायची होती. एक. आता हे पाय पुन्हा इथं येणार नाहीत."

मी यांच्या अंगावर पांघरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली उतरायचं होतं. वाटाड्या म्हणाला, सकाळी एकदा बसून बघू, नशीब असेल तर येईल. थोरले म्हणाले, "मी नाय येत. तुमी जावा." मी हट्टाला पेटले. "दादा, एवढे आलात, इथं आचाऱ्याचं तोंड बघत बसणार?" हे मला म्हणाले, "त्यांना म्हणावं, या. पण तोंड बंद ठेवा."

थोरले सरळ माणूस. त्यांनी गळ्यातला मफलर काढला, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. उरलेलं टोक मानेमागून घेऊन करकचून बांधलं. दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. वर कानटोपी. नुसते डोळे दिसत होते. मला म्हणाले, "ऊं." म्हणजे, चला. वाटाड्यानं एकदा बघितलं आणि पाठ करून खांदे हलवत हसत राहिला. बिचारा काल अस्वलाला भ्यायला होता, आज हे.

पुन्हा तोच दगड, तीच बैठक. पुढं वाटाड्या, मग दोघे भाऊ, मागं मी. यांना रात्रभर झोप नव्हती, त्यामुळं टोपी सारखी पुढं कलायची. मी मागून हळूच विचारलं, "झोपलात का?" तर म्हणाले, "डोळे मिटून आवाज ऐकतोय." घोरतही होते ऐकता ऐकता.

ऊन आलं. आणि आज मोनाल झुडपातून नाही, वरच्या बाजूनं, सरळ उन्हात उतरला. अगं बाई! तो कॅलेंडरवाला काही नव्हे. मान वळवली की हिरव्याचा तांबडा व्हायचा, तांबड्याचा जांभळा. मी कोंबडा म्हणाले होते त्याला, माझी जीभ झडो. यांची टोपी खालीच. थोरल्यांनी पाखरू बघितलं. हात खिशात, तोंडात बोळा, करणार काय? यांच्या बरगडीत हळूच कोपर टोचलं.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र! हाऽऽड! हाऽऽड!"

मोनाल उडाला. पंख उघडले, सगळे रंग एकदम उन्हात आले आणि तो दरीवरून खाली गेला. वाटाड्या उभा, मी उभी, हे उभे. आरोळीसाठी दोन्ही हात तोंडाशी नेलेले, तसेच. थोरले खाली बसलेले. तोंडात मफलर.

हे थोरल्यांच्या तोंडातल्या बोळ्याकडं बघत होते. मग स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग पुन्हा बोळ्याकडं.

"मी?" हे म्हणाले.

मी म्हणाले, "नाही, पलीकडचा डोंगर!"

"काल?"

थोरल्यांनी मागची गाठ सोडली, बोळा काढला, तोंडातली लोकर थुंकली. "काल बी तूच," म्हणाले. "काल बी मीच कोपर मारलं हुतं. म्हनलं, पाखरू आलंय, उठवावं."

"मग बोलला का नाहीस? मी दिवसभर तुला…"

"काय बोलायचं?" थोरले म्हणाले. "ती आरोळी तुला मीच शिकवली. तू येवढासा हुतास. मचानावर बसला की लगीच झोपायचास. पाखरं कनसावर बसली आन वडलांनी बघितलं की तुला चाबकानं झोडायचे. म्हून मी तुला शिकवलं, माझं कोपर लागलं की झोपेत असलास तरी वरडायचं. वडलांना वाटावं, पोरगं जागं हाय." मफलर झटकत म्हणाले, "लई घोटून घेतलं हुतं तुझ्याकडून. निघंना झालं बघ अजून."

मी यांच्याकडं बघितलं. मला हे आजवर सांगत आले होते की लहानपणी आपण राखणीत फार दक्ष होतो, आपल्या पाळीत एक कणीस गेलं नाही म्हणून. मचाणावर झोपायचे हे यांच्या ध्यानातच उरलं नव्हतं! झोपेतलं ध्यानात कसं राहणार? यांचा चेहरा असा झाला की आता रडतात का हसतात ते मला कळेना. खाली बसले. म्हणाले, "दादा, अरे मी तुला मीठसुद्धा मागितलं नाही."

"मागितलंस की," थोरले म्हणाले. "बाईंकडून."

वाटाड्याला मी माझ्या हिंदीत सगळं सांगितलं. तो हसला, पण कामाचा माणूस. यांना म्हणाला, साब, तुम्ही भाईसाबपासून लांब बसा. तिकडं त्या दुसऱ्या दगडामागं, एकटे. अजून एक नर या बाजूला असतो, तासाभरात येईल, आणि तुम्हाला कुणी हात लावला नाही तर फोटो नक्की मिळेल. शहाणपणाचंच होतं. थोरले म्हणाले, "जा, जा. मी बी इथनं हालत नाय." हे कॅमेरा घेऊन लंगडत त्या दगडामागं गेले. बसले. उठले. पुन्हा बसले. आणि जरा वेळानं लंगडत परत आले आणि थोरल्यांच्या शेजारीच टेकले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिकडं वारं लागतंय," हे म्हणाले. वारं कुठंच नव्हतं. पान हलत नव्हतं.

थोरल्यांनी खबरदारी म्हणून जरा सरकून मधे वीतभर जागा सोडली. पण उन्हाची ऊब लागली, रात्री तेही जागेच असणार, थोड्या वेळानं त्यांचीच मान कलली. कलली ती यांच्या खांद्यावर. आता वीतभर जागाही उरली नाही.

आणि मोनाल आला. दुसरा होता, पहिल्यापेक्षाही देखणा. आमच्यापासून एवढ्या जवळ की तुऱ्याची पिसं मोजावीत. चोचीनं माती उकरायला लागला, निवांत, जणू आमच्याच परसात. यांनी डोळे उघडे ठेवून, अगदी जागेपणी, कॅमेरा वर घेतला. एका डोळ्यानं काचेतून बघितलं. बोट बटणावर. मी मागून देवाचं नाव घेतलं. दाबा हो, म्हणत होते मी मनात, दाबा एकदाचं आणि सुटा.

यांनी कॅमेरा खाली घेतला. खांद्यावर झोपलेल्या थोरल्यांकडं बघितलं. मग पाखराकडं. पुन्हा थोरल्यांकडं. माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. मी "अहो, नका" म्हणतेय तोवर यांनी हळूच, प्रेमानं, थोरल्यांच्या बरगडीत कोपर घातलं.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र!" थोरले झोपेतून ताडकन उठले. "हाऽऽड! हाऽऽड!"

मोनाल दोघांच्या डोक्यांवरून गेला. इतका जवळून की पंखांचं वारं माझ्या तोंडाला लागलं. थोरले तोंड उघडं ठेवून वर बघत राहिले. पोटाखालचा काळा रंग, शेपटीचा तांबूस, पाठीवरचा पांढरा पट्टा, सगळं त्यांच्यावरून सरकत दरीत उतरलं.

"आता काय केलंत हे?" मी किंचाळलेच. "फोटो! अहो, फोटो! पाय जाणार तुमचे, पुन्हा कधी…"

"अगं, तो झोपला होता," हे म्हणाले. "त्याला हा कसा दिसला असता?"

थोरले वर बघतच म्हणाले, "लई ग्वाड पाखरू रे." आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. हळूहळू वळले. "तू मुद्दाम कोपर मारलंस व्हय रे भाड्या?"

"फिट्टंफाट," हे म्हणाले आणि हसायला लागले. थोरलेही हसले. इतके हसले दोघं की एकमेकांना धरून गवतावर आडवे झाले. कॅमेरा कुठं, टोप्या कुठं. मी चिडून दोन शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर मलाच रडू आलं. मग थर्मास उचलला, उरलेला चहा दोन पेल्यांत ओतला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"त्याला म्हणावं, साखर कमी हाय," थोरले मला म्हणाले.